हा टाका माझा नाही

मित्रांनो, मी एक जुनं, तीन आकड्यांचं कुलूप आहे. मला किल्ली नाही. माझ्या पोटात तीन चाकं आहेत आणि ठरलेले आकडे एका ओळीत आले की माझी कडी सुटते. अंधारात मला दिसत नाही, पण बोटं मात्र मी पक्की ओळखतो. आज मी तुम्हाला अशाच एका माणसाच्या बोटांबद्दल सांगणार आहे. त्याचा चेहरा मी कधी पाहिला नाही.

कारखान्यातून बाहेर पडल्यावर मला फिरतीची नोकरी करणाऱ्या एका माणसाने विकत घेतलं. अकरा वर्षं मी त्याच्या बॅगेवर लटकून गावोगाव हिंडलो. विमानातून उतरला की तो आधी मला चाचपायचा आणि म्हणायचा, "शाब्बास रे पठ्ठ्या!" मग मी दिवसभर फुगून बसायचो. पुढे तो वारला. त्याच्या बायकोने मला बटणांच्या डब्यात टाकलं आणि पाच वर्षं मी तिथेच, बटणांखाली दबून राहिलो.

ती बाई शिवणकाम करायची. खिडकीशी तिचं मशीन होतं आणि भिंतीवर रिळांची फळी. गल्लीतली सगळी माणसं तिला मावशी म्हणत. एक दिवस परदेशातल्या लेकीचा फोन आला. तिचं पहिलंच बाळंतपण होतं. "आई, तू ये गं. तू नसलीस तर माझा धीर सुटेल." मावशीने महिनाभर बसून झबली, टोपडी, दुपटी शिवली. मग डबा उपडा केला, मला शोधून काढलं आणि तेलाच्या फडक्याने लख्ख पुसलं. पाच वर्षांनी मी पुन्हा उजेडात आलो होतो.

बॅग भरून झाली तेव्हा शेजारचे लोडरकाका आले. त्यांनी बावीस वर्षं विमानात सामान चढवलं होतं.

"वहिनी, हे कुलूप लावून तुम्ही निर्धास्त?"

"का? मजबूत आहे चांगलं. ह्यांच्या वेळचं आहे."

काकांनी खिशातलं बॉलपेन काढलं आणि चेनच्या दातांत खुपसलं. चेन तोंड वासल्यासारखी फाकली. त्यांनी आत हात घालून एक टोपडं काढून दाखवलं, परत ठेवलं, मग मला धरून चेनची दोन्ही टोकं या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकवली. चेन पुन्हा जशीच्या तशी मिटली. एवढं होईपर्यंत मी बंदच होतो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुणी काही काढलं तर ते नुकसान परवडतं," काका म्हणाले. "कुणी काही घातलं, तर मात्र माणूस आयुष्यातून उठतो."

मावशीने चेनची टोकं चिमटीत धरली. "ही टोकं सरकलीच नाहीत तर?"

"मग चेन परत मिटणार नाही. उघडलेली कळेल."

तिने सुईत लाल दोरा ओवला आणि चेनची टोकं माझ्या कडीसकट बॅगेच्या कापडाला शिवून टाकली. नऊ टाके. मावशी डावखुरी, त्यामुळे तिचे टाके डावीकडे कललेले. काकांनी तिच्याच मोबाइलवर त्या टाक्यांचा जवळून फोटो काढला. "आणि काउंटरवर बॅगेच्या वजनाची चिठ्ठी मागून घ्या. ती हरवू नका."

पहिलं विमान ठीक गेलं. मधल्या विमानतळावर आमचं सामान दुसऱ्या विमानात जायचं होतं. गाड्यांची खडखड, माणसांची हाकाटी, सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. तेवढ्यात कुणीतरी आमची बॅग उचलली, थोडं चालून खाली ठेवली, आणि एक दार बंद झालं.

आवाज थांबले. मित्रांनो, विमानाच्या पोटातसुद्धा काहीतरी घरघरत असतं. इथे काहीच नव्हतं. मग अगदी जवळ श्वास ऐकू आला आणि बोटं माझ्यावर आली. थंड, कोरडी, गुळगुळीत बोटं. त्यांना मुळीच घाई नव्हती. त्यांनी माझी चाकं थोडी फिरवून पाहिली, मग सोडून दिली आणि मला दोनदा हलकेच थोपटलं.

"झोप," तो माणूस म्हणाला.

कात्रीची टोकं वाजली. एक, दोन, तीन... तो पुटपुटत नऊपर्यंत मोजत गेला. पेन खुपसलं गेलं, बॅग फाकली, तळाशी काहीतरी सरकवलं गेलं आणि वरच्या कपड्यांच्या घड्या पुन्हा नीट घातल्या जाण्याची सळसळ झाली. नंतर त्याने एक डबा उघडला. आत रिळं एकमेकांवर आपटली. खूप रिळं होती. त्याने बॅटरीच्या बारीक झोतात, स्वतः मागे अंधारात राहून, एकेक रीळ माझ्याशेजारी धरून रंग जुळवला आणि शिवायला बसला. शिवताना तो अंगाईसारखं काहीतरी गुणगुणत होता. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कुलपाला आवाज कुठून असणार?

मावशी उतरली तेव्हा दुपारचं लख्ख ऊन होतं. जावयाचा निरोप आला होता: लेकीला दवाखान्यात नेलंय, लवकर या. सामानाच्या फिरत्या पट्ट्यावरून मी तिच्याकडे येत होतो. तिने हात पुढे केला आणि तो तसाच हवेत राहिला. बॅग तिच्यासमोरून गेली, फिरून पुन्हा आली.

शेजारचा प्रवासी म्हणाला, "मावशी, तुमचीच ना? उतरवू का?"

"हात लावू नका!" ती ओरडलीच. दोन्ही हात तिने पाठीमागे घट्ट धरले. "बॅग माझी आहे. पण हा टाका माझा नाही."

दोरा तोच लाल, टाके नऊच, पण सगळे उजवीकडे कललेले. तिने पहारेकऱ्याला बोलावलं. त्याने कस्टमच्या मॅडमना बोलावलं; त्या मूळच्या आपल्याकडच्या, मराठी बोलणाऱ्या. आतल्या खोलीत वजन झालं. चिठ्ठीवर एकोणीस किलो चारशे ग्रॅम होतं, काट्यावर बावीस किलो शंभर भरलं. दुपट्यांखालून एक चपटं खाकी पाकीट निघालं. त्यात नशेची पावडर होती. मावशीने मोबाइलवरचा टाक्यांचा फोटो मॅडमसमोर धरला.

मॅडम फोटो पाहून म्हणाल्या, "फोटो आधीचा आहे. नंतर उसवून परत शिवायला तुम्हाला कोण अडवणार होतं?"

टेबलावर मावशीचा फोन वाजत होता. जावयाचा होता. उचलायची परवानगी नव्हती.

"सुई-दोरा आणा," मावशी म्हणाली. "तुमच्यासमोर शिवते."

नऊच्या नऊ टाके डावीकडेच कलले. "आता उजव्या हाताने," मॅडम म्हणाल्या. उजव्या हाताला सुई नीट धरताही येईना. मॅडमनी भिंग घेऊन दोन्ही शिवणी कितीतरी वेळ पाहिल्या.

"मावशी, बॅग घेऊन तुम्ही बाहेर जायच्या दारापर्यंत गेला असतात ना, तर मी तुमचं काही ऐकलं नसतं." आणि त्यांनी फोन तिच्या हातात दिला.

तरी चौकशी पुरी होईपर्यंत तिला एक रात्र तिथेच बाकावर काढावी लागली. पहाटे लेकीला मुलगी झाली. मावशी त्यानंतर सहा तासांनी पोचली, अंगावरच्या कपड्यांनिशी. लेक खूप चिडली होती म्हणे, आणि मग आईला सोडायलाच तयार नव्हती. हे सगळं मी मॅडमच्या बोलण्यातून ऐकलं, कारण मी मागेच राहिलो. पुरावा म्हणून.

आता मी एका लोखंडी कपाटात असतो. माझ्या कप्प्यात कुणाच्या बॅगेचा पट्टा आहे, कुणाचं कापडी आवरण, कुणाच्या अस्तराचा तुकडा. दोऱ्यांचे रंग निरनिराळे आहेत, पण टाके सगळे उजवीकडे कललेले आणि शेवटची गाठ तीच, तिळाएवढी. त्यांच्या मालकांनी बॅगा घाईघाईने उचलल्या आणि दाराकडे चालू लागले. ते कुठे आहेत, हे मॅडम मोठ्याने बोलत नाहीत. तो माणूस अजून सापडलेला नाही.

म्हणून मित्रांनो, एवढं माझं ऐका. मला लावा, पण माझ्या भरवशावर राहू नका. बॅगेवर तुमची स्वतःची अशी एक खूण करा आणि तिचा फोटो काढा. वजनाची चिठ्ठी जपा. पट्ट्यावरून बॅग येईल तेव्हा कितीही घाई असली, तरी आधी नीट बघा, मगच हात लावा. आणि कधी घरी पोचून बॅग उघडलीत, आणि आतले कपडे तुम्ही ठेवले होते त्याहून नीटनेटक्या घड्यांत दिसले, तर एकही घडी मोडू नका. हात मागे घ्या आणि आधी कुणालातरी हाक मारा.