जुन्या घाटाने

धाकटीने टॉमीने, म्हणजे चाक खोलायच्या लोखंडी कांबीने, बसच्या शेवटच्या चाकावर ठोका दिला, कान देऊन आवाज ऐकला, आणि टॉमी सीटखाली सरकवून ती स्टिअरिंगपाशी चढून बसली. तिच्या मागच्याच सीटवर बसलेल्या वस्तादांनीही तो ठोका ऐकला होता. हवा बरोबर होती. तरी त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढून चाकाकडे पाहिलंच.

"बाबा, बघून झालं असेल तर निघू का?" आरशात बघत ती म्हणाली.

"मी कुठं काय बोललो?"

"तुम्ही नाही. मान बोलली तुमची."

शेजारी बसलेली त्यांची बायको हसली, आणि हसता हसता तिला धाप लागली. तिने पदराने तोंड झाकलं आणि खोकला आल्याचा बहाणा केला. असा बहाणा ती गेले कित्येक महिने करत होती. काळजाची एक झडप नीट मिटत नाही, असं डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. ऑपरेशन उद्या सकाळी होतं, डोंगरापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात. ते करणारे डॉक्टर दुरून येत आणि एकच दिवस थांबत. ही वेळ हुकली तर पुढची कधी, हे कुणी छातीठोक सांगत नव्हतं.

आणि नेमका हमरस्ता दरडीखाली गेला होता. उरला होता तो जुना घाट. अरुंद, कठडे पडलेला, बरीच वर्षं कुणी फारसा न वापरलेला. डेपोतल्या दोन जुन्या ड्रायव्हरांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना कुणी दोषही दिला नाही. मग डेपोच्या साहेबांनी धाकटीला विचारलं. ती आजवर शहरातल्या रस्त्यांवर बस चालवत होती. प्रवासी घेऊन घाट चढायची तिची ही पहिलीच वेळ. ती "जाते" एवढंच म्हणाली. आईचं नाव तिने घेतलं नाही, आणि साहेबांनीही ते काढलं नाही.

वस्तादांना डेपोत सगळे वस्तादच म्हणत. निम्म्या ड्रायव्हरांना त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं. कुणी चुकला तर ते ओरडत नसत. इंजिन बंद करायला लावत आणि म्हणत, "आता सांग, गाडीला काय वाटलं असेल?" शिकणारा हसायचा, आणि हसला की शिकायचा. पुढे डोळ्यांतला दाब वाढला, कडेचं दिसेनासं झालं, आणि एके दिवशी त्यांनी स्वतःच जाऊन लायसन परत केलं. धाकटीला मात्र त्यांनी आधीच तयार केलं होतं.

त्यांचा एक रिवाज होता. गाडी हलवण्याआधी ते स्टिअरिंगवर दोन्ही तळवे ठेवून देवाशी बोलत. फार नाही. "सोडणार नाहीस म्हणालायस. चल." एवढंच, आणि मग पहिला गिअर. सकाळी घरून निघतानाही उंबऱ्यावर बायकोला तेच सांगत, "काळजी करू नकोस, तो सोडत नाही." त्यांचा त्या शब्दावर भरवसा होता. इतक्या वर्षांत तो कधी खोटा ठरला नव्हता, याचा त्यांना अभिमानही होता. जणू देवाचा शब्द आजवर त्यांनीच चालवून दाखवला होता.

आज ते मागे बसून तेच शब्द पुटपुटले. पण तळवे ठेवायला समोर काही नव्हतं. ते त्यांनी गुडघ्यांवर ठेवले.

गाडी निघाली.

चढ लागला तसा वस्तादांचा उजवा पाय आपोआप काम करू लागला. वळण आलं की पाय खालच्या पत्र्यावर दाबला जाई. समोरून दगडी भिंत आली की आणखी जोरात.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "पत्रा फाटेल."

"पायाला मुंग्या आल्यात."

"आल्या असतील. नेमक्या वळणावरच येतात."

पुढे धाकटीचे खांदे किंचित हलले. ती हसत असावी. वस्तादांनी पाय सीटखाली ओढून घेतला. पुढच्या वळणावर तो पुन्हा बाहेर आला.

ती चालवत चांगली होती, हे त्यांना आवाजावरून कळत होतं. गिअर वेळेवर पडत होते, चढावर इंजिन कुठे कण्हत नव्हतं. त्यांना ते कळत होतं, आणि तरी दर वळणाला जीव गोळा होत होता. हे कसलं बसणं? आपण ड्रायव्हर असताना मागे बसलेली माणसं बोरं खात, भांडत, घोरत. त्यांना हे कसं जमत होतं, असा प्रश्न त्यांना आज पहिल्यांदा पडला.

घाटाच्या माथ्याआधी धाकटीने गाडी उभी केली.

पुढचा रस्ता पाण्याने कुरतडला होता. डावीकडे डोंगराचा ओला उभा काप, उजवीकडे दरी, आणि मधे बसपेक्षा थोडीच रुंद अशी चिखलाची पट्टी, तीही वर चढत गेलेली. धाकटी आणि कंडक्टर खाली उतरले. धाकटी त्या पट्टीवरून पार पलीकडे गेली आणि परत आली. जागोजागी थांबून तिने टाचेने माती दाबून पाहिली. दरीच्या अंगाला, चाकाने जिच्यापुढे जायचं नाही अशी हद्द म्हणून, दगड मांडले. मग दारात येऊन तिने सगळ्यांना सांगितलं,

"चालता येतं त्यांनी उतरा. पलीकडे चालत जायचं आणि तिथंच थांबायचं. गाडी मी रिकामी काढते."

लोक उतरले. कंडक्टर चांगला पोक्त माणूस होता, तो वस्तादांच्या बायकोकडे बघून घुटमळला. "काकूंना खुर्चीवर बसवून नेऊ का? चौघं धरू."

"या चिखलात?" धाकटी म्हणाली. "एकाचा पाय घसरला तर खुर्ची कुठं जाईल? नको. आई गाडीतच बसेल."

"मी कुठं उठतेय," आई म्हणाली. "खिडकीची जागा मिळालीय."

"मग मीही बसतो," वस्ताद म्हणाले.

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा, चालता येतं त्यानं उतरायचं, हा नियम कुणाचा?"

"माझा."

"मग?"

वस्ताद उठले. जाताना त्यांनी बायकोच्या हातावर हात ठेवला. तिचा हात गरम होता आणि त्यांचा गार. ते तिला नेहमीचं वाक्य सांगणार होते, पण तीच म्हणाली, "जा आता. मागे गर्दी होतेय." मागे कुणीच नव्हतं.

पलीकडे सगळे ओळीने उभे राहिले. कंडक्टर बसच्या पुढे उलटा चालत दोन्ही हातांनी खुणा करू लागला. या कामाचा दुसरा नियमही वस्तादांनीच घालून दिलेला होता: खूण करणारा एकच, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. दोन आवाज कानावर आले की ड्रायव्हर अर्धा इकडे वळतो, अर्धा तिकडे, आणि गाडी कुठेच वळत नाही.

बस आली. बस कसली, गोगलगायच. पुढची चाकं दगडांच्या आतून सरळ चालली होती. खिडकीत बायकोचं डोकं दिसत होतं, मागे टेकलेलं. वस्तादांना वाटलं, आता ते वाक्य म्हणावं. त्यांनी ते मनात म्हटलं. इतकी वर्षं ते म्हणताना हातात स्टिअरिंग असायचं, पायाखाली ब्रेक असायचा. आज दोन्ही हात रिकामे होते, आणि त्यांची म्हणून जी दोन माणसं आज बरोबर होती ती दोन्ही त्या पत्र्याच्या डब्यात दरीच्या काठावर होती. वाक्य तेच होतं, पण आज ते उचलायला जड गेलं.

मधोमध आल्यावर मागचं चाक घसरलं.

मातीचं एक ढेकूळ दरीत गेलं. बस तिरकी झाली, आणि वस्तादांना दिसलं की गाडीचं तोंड चुकतंय. डावीकडे, डोंगराकडे घ्यायला हवं. लगेच.

"वस्ताद, सांगा की तिला," शेजारची एक बाई कुजबुजली. "तुमचं ऐकेल ती."

तेच तर होतं. ती ऐकेल. लहानपणापासून हा आवाज आला की तिचे हात आधी हलायचे आणि डोकं नंतर. "डावीकडे" हा शब्द त्यांच्या दातांपर्यंत आला होता. वस्तादांनी मफलरचं टोक उचललं आणि तोंडात कोंबलं. दातांनी घट्ट धरलं.

बसची पुढची चाकं वळली. उजवीकडे, दरीच्या बाजूला, अगदी थोडी. कुणीतरी डोळे झाकले. आणि मागचं घसरणारं अंग डौलात सरळ आलं, इंजिनाने एक लांब श्वास घेतला, आणि बस चिखलातून वर येऊन कोरड्या रस्त्यावर उभी राहिली.

मागचं सरकतंय तिकडेच पुढचं वळव. त्यांनीच शिकवलं होतं तिला, रिकाम्या मैदानात, पाणी ओतून ओतून. पण मागचं सरकतंय की पुढचं, ते इथून, या डोळ्यांनी, त्यांना उलटंच दिसलं होतं. ओरडलो असतो तर? पुढचा विचार त्यांनी केला नाही. मफलर तोंडातून काढला तेव्हा त्याची लोकर दातांत अडकली होती.

लोकांनी धाकटीला गराडा घातला. एका म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती बाटलीतलं पाणी घटाघट प्यायली. वस्ताद लांबूनच बघत राहिले. मग ते छाती काढून, अगदी ताठ चालत बसमध्ये चढले.

गाडी उताराला लागली तसा कंडक्टर खुशीत आला. "वस्ताद, आता मार्क सांगा. कशी काढली गाडी?"

"मला काय विचारतोस? मी खाली होतो. जी आत होती तिला विचार."

"काकू?"

"मला बाई डुलकी लागली होती," ती म्हणाली.

सगळी बस हसली. धाकटीने आरशातून आईकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे नजर लावली. हसू ओसरल्यावर वस्ताद बायकोकडे झुकले.

"खरंच झोपली होतीस?"

"डोळे मिटले होते."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. पण आज बरं होतं. आज आत बसायला मिळालं." ती थांबून थांबून बोलत होती. "तुम्ही घाटात असायचात तेव्हा मी तिथंच उभी असायची, आज तुम्ही होतात तिथं. फक्त मला गाडी दिसायची नाही."

वस्तादांनी मफलर गळ्याभोवती नीट केला.

"उंबऱ्यावर सांगून जायचात ना, तो सोडत नाही म्हणून? सांगून तुम्ही मोकळे. तो शब्द दिवसभर धरून बसायला घरी कुणीतरी लागतं हो."

"मग काय करायचीस तू दिवसभर?"

"काय करणार? भाजी निवडायची."

"भाजी?"

"हाताला काम दिलं की मन त्याच्या पाठीमागे येतं. मग देवाला सारखी हाक मारायला नको. तो असतोच."

वस्तादांनी तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं संध्याकाळी घरी आल्यावर ताटात जे वाढलं जाई ते त्यांनी मुकाट्याने खाल्लं होतं, कधी मीठ जास्त म्हणून तोंडही वाकडं केलं होतं. डेपोत सगळे म्हणायचे, वस्तादांच्या गाडीला कधी ओरखडा गेला नाही. आणि ते मान डोलवायचे.

बराच उतार गेला. मग त्यांनी विचारलं,

"उद्या तू आत जाशील. मी बाहेर काय करू?"

"बघा काहीतरी," ती म्हणाली, आणि डोकं त्यांच्या खांद्यावर टेकून या खेपेला खरंच झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनची खोली बंद झाल्यावर वस्ताद थोडा वेळ बाकावर बसले. मग उठले आणि दवाखान्याच्या खानावळीच्या मागच्या दाराशी गेले. तिथे एक स्वयंपाकीण मटारच्या शेंगांचं पोतं उघडून बसली होती. त्यांनी विचारलं, "मी सोलू का?" तिने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पाट पुढे सरकवला. अशी माणसं तिने बरीच पाहिली असावीत.

"कोण आहे आत?"

"बायको."

थोड्या वेळाने धाकटी शोधत आली. गणवेश तोच, कालचा चिखल तसाच. ऑपरेशनच्या खोलीवरचा दिवा अजून लाल होता. तिने बापाकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं, काही न विचारता शेजारी बसली आणि एक मूठभर शेंगा ओढून घेतल्या.

"ही लेक का?" स्वयंपाकिणीने विचारलं. "बस चालवते?"

"हो," वस्ताद म्हणाले. "काल जुन्या घाटाने बस घेऊन आली. हमरस्ता बंद होता ना."

"त्या घाटाने?" बाईचे हात थांबले. "त्या घाटानं तर आता गुरंसुद्धा नेत नाहीत. आणि आजारी बाई सोबत?"

"त्या आजारी बाईमुळेच तर गाडी आली."

"आणि तुम्ही हो?"

वस्तादांनी अंगठ्याने शेंग उघडली. दाणे परातीत घरंगळले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की धाकटीने सोलता सोलता मान वर केली.

"मी मागे बसलो होतो," ते म्हणाले.