पंधरावं रत्न

सोमवारी सकाळी आठलाच रायपुरातल्या गुढियारीच्या त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मालधक्क्याकडे निघालेले ट्रक मागे खोळंबून हॉर्न वाजवत होते आणि पुढची माणसं ढकलाढकली करत टिनाच्या एका शेडकडे सरकत होती. कडेवर पोर घेतलेल्या बाया, काठी टेकत आलेले म्हातारे, दोघांनी धरून आणलेला एक लकव्याचा माणूस. शेडमध्ये निळा पडदा आणि पडद्यामागे कमळ.

साधं कमळ नव्हे, जिवंत. नैवेद्य खाणारं. भक्ताचं बोट धरणारं. पापी समोर आला की मिटून घेणारं.

"समुंदर मंथन में चौदह रतन निकले, सब जानते हैं," भगव्या कफनीतला बाबा माइकवर सांगत होता. "पंद्रहवाँ कहाँ गया? किसी पंडित से पूछो, नहीं बताएगा. पंद्रहवाँ भोलेनाथ ने जटा में छुपा लिया था. आज वो आपके पारा में, आपके मोहल्ले में बैठा है!"

शंख वाजला, पडदा सरला. काचेच्या पेटीत, निळ्या उजेडात, ताटलीएवढं हिरवट-गुलाबी काहीतरी पसरलं होतं. शेकडो पाकळ्या, प्रत्येकीचं टोक मण्यासारखं फुगलेलं. बाबानं पळीनं पाण्यात तीर्थ सोडलं, तशा पाकळ्या वळवळल्या. त्यानं खोबऱ्याचा तुकडा टाकला. पाकळ्यांनी तो धरला, आत ओढला, आणि गर्दीतून असा हुंकार उठला की वरचं टिन हललं.

मी मागे उभा राहून हसत होतो. कारण ते कमळ माझं होतं.

मी विनायक. सिंचाई विभागात बाबू, राहणार चौबे कॉलनी. छत्तीसगड वेगळं राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. रायपूर राजधानी झाल्यावर इथं मॉल आले, उड्डाणपूल आले आणि घरात काचेच्या पेटीत समुद्र पाळायचा शौकही आला. जवळचा समुद्र पुरीचा, तोही रात्रभराच्या गाडीवर. नदीनाल्यांच्या फायली हाताळता हाताळता मला त्या न पाहिलेल्या समुद्राचं वेड लागलं.

बाबा ज्याला कमळ म्हणत होता त्याला सी ॲनिमोन म्हणतात. मराठीत समुद्रफूल, पण ते फूल नाही. प्राणी आहे. एक तोंड, भोवती बोटांसारख्या शुंडा, खाली खडकाला धरून बसणारा पाय. पाळायला महाकठीण. पहिली दोन मी मारली. पहिलं नळाच्या पाण्यानं गेलं. दुसरं पंपात ओढलं जाऊन फाटलं, कारण हा प्राणी चालतो हेच मला ठाऊक नव्हतं. पाणी किंवा उजेड मानवला नाही की तो सरकत सरकत दुसरी जागा शोधतो. तिसऱ्यासाठी मी आठ महिने नुसतीच पेटी चालवली, पाणी मुरू दिलं. गाळलेलं पाणी, त्यात मुंबईहून मागवलेलं समुद्री मीठ, खारेपणा मोजायची नळी. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज थोडं गोडं पाणी घालून पातळी राखायची. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ खिडकीतून येते, तिच्यासाठी पेटीवर मलमल. आठवड्यातून दोनदा झिंग्याचा तुकडा. एवढं केल्यावर ते जगलं, वाढलं आणि एक दिवस आपणहून मधून फाटून दोन झालं. ते असंच वाढतात.

दुसरं मी इंद्रजीतला दिलं. स्टेशनजवळ त्याचं रंगीत माशांचं दुकान होतं, मला मीठ अन् पंप तोच आणून द्यायचा. मी त्याला सगळं शिकवलं. उजेड किती लागतो, काय केलं की ते फुलतं, काय केलं की मिटतं. पुढे दुकान बंद पडलं. आता दाढी वाढवून इंद्रजीत 'कमलवाले बाबा' झाला होता.

दर्शन संपल्यावर त्यानं मला मागच्या खोलीत नेलं आणि पाया पडला.

"विनायक भैया, सब आपका ही आशीर्वाद है. किसी का नुकसान तो नहीं कर रहा न? दुखी लोग हैं, दो घड़ी खुश हो जाते हैं."

"औषधं बंद करायला लावतो का कोणाची?"

"राम राम! कभी नहीं, भैया."

मी त्याचा चहा प्यायलो. घरी येऊन शर्मिष्ठाला, माझ्या बायकोला, त्याची नक्कल करून दाखवली. ती म्हणाली, "हसता काय? जाऊन सांगा लोकांले." मी म्हटलं, "जाऊ दे, कुणाचं काय बिघडते?" पुढचे दोन महिने ऑफिसात तो माझा आवडता किस्सा होता.

माझा धाकटा भाऊ नीलेश सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या कारखान्यात आहे, राहायला गुढियारीत. त्याची मुलगी मोनाली तेव्हा तेरा वर्षांची. नवव्या वर्षापासून तिला साखरेचा आजार होता, लेकरांना होतो तो, ज्यात शरीर इन्सुलिन बनवतच नाही. रोज सुई. ती स्वतःच्या हातानं पोटाला टोचून घ्यायची, शाळेत पहिली-दुसरी यायची आणि रविवारी माझ्याकडे येऊन लांब चिमट्यानं समुद्रफुलाला झिंगा भरवायची. म्हणायची, "मोठेबाबा, हे माह्यासारखंच आहे. वेळेवर नाही मिळालं का सुकते."

तिच्या आईनं, लतानं, चार वर्षं त्या सुया पाहिल्या होत्या. पोरीचं निळं पडलेलं पोट पाहिलं होतं. हिच्याशी लग्न कोण करणार, हे शेजारणींचं बोलणं ऐकलं होतं. तिला बाबानं एवढंच सांगितलं, "कमल के आगे काँटा नहीं चलता, बहन. सुई भी काँटा है. सात दिन काँटा बंद, तीर्थ चालू."

हे मला कळलं तिसऱ्या दिवशी, मंगळवारी. मोनालीचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"मोठेबाबा, ते तुमच्या घरच्यासारखंच आहे न? कमळ नाही न ते?"

"नाही बेटा. काहून?"

"मी आईले सांगतलं. आई म्हणते, मोठेबाबाचं शोभेचं आहे, हे सिद्ध केलेलं आहे." ती थांबून श्वास घेत होती. "मी हे बी सांगतलं का ज्या खोबऱ्याले झिंग्याचा वास येते तेच देव खाते. बिनावासाचं टाकून देते. दोन खेपा पाह्यलं मी. तं आईनं झापड मारली." पुन्हा श्वास. "मले लय तहान लागून राहिली, मोठेबाबा. अन् तीर्थ खारं आहे, त्या पेटीतलंच पाणी."

मी स्कूटर काढली. मोनाली सतरंजीवर पडली होती. खोल, भराभर धापा टाकत होती आणि तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येत होता. नीलेश ड्यूटीवर होता.

"सुई कधी दिली होती?"

लतानं पोरीच्या अंगावरची चादर सारखी केली.

"लता, कधी?"

"शनिवारी. भाऊजी, उलट्या होऊन राहिल्या म्हणजे आजार बाहेर निघून राहिला, असं बाबा म्हणले."

"अन् तू मानलं?"

तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही गेलते न दर्शनाले? बाबा सगळ्यायले सांगते, विनायक भैया माझ्याकडे येऊन चहा पिऊन गेले. तुमच्या घरी तसंच आहे. खोटं असतं तं तुम्ही बोलले नसते का?"

मी पोरीला उचललं.

दवाखान्यातल्या डॉक्टर विनोदिनीबाईंनी रक्ताचा कागद पाहिला आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "इन्सुलिन नसलं की साखर रक्तातच साचते. शरीराला ती वापरता येत नाही, मग ते चरबी जाळतं आणि रक्त आंबतं. त्यावर तुम्ही तिला मिठाचं पाणी पाजलंत. मेंदूला सूज आहे. बाहेर थांबा." नीलेश कारखान्याच्या काळ्या कपड्यांतच आला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

त्या रात्री मोनालीची शुद्ध गेली. पुढच्या सोमवारीही ती बेशुद्धच होती. मी गुढियारीच्या शेडमध्ये गेलो. गर्दी नेहमीएवढीच. पडदा सरला तसा मी पुढे झालो.

"बाबा, मले नैवेद्य दाखवायचा आहे."

इंद्रजीतचा चेहरा उतरला. "आज कमल ध्यान में है, भैया."

"असू दे ध्यानात. गुलाबराव, जरा इकडं या."

गुलाबराव तिथले मुख्य सेवेकरी. रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, सज्जन माणूस, कांदा-लसूणही न खाणारे. बाबाच्या आसनाशी खोबऱ्याच्या दोन वाट्या होत्या, एक लाल कपड्याखाली, एक पांढऱ्या. मी म्हटलं, "दोन्हीचा वास घ्या."

त्यांनी पहिली हुंगली. काही नाही. दुसरी हुंगली आणि मान मागे झटकली. "हे काय? सुकटीचा वास येते हो!"

"झिंगे भिजवलेलं पाणी. ज्याले खुश करायचं त्याच्या हाती हे खोबरं. ज्याले पापी ठरवून पुन्हा बोलवायचं, त्याच्या हाती कोरडं. पाहा आता."

मी कोरडा तुकडा सोडला. तो पाकळ्यांवरून घरंगळून तळाला गेला. ओला सोडला, पाकळ्यांनी धरला. मग मी खिशातून स्कूटर पुसायचं फडकं काढलं, चिंधी फाडली, वाटीतल्या पाण्यात बुडवली आणि सोडली. पंधराव्या रत्नानं ग्रीस लागलेली ती चिंधीही तितक्याच श्रद्धेनं आत ओढली.

कोणी हसलं नाही.

"तीर्थातबी हेच पाणी. वास पोचला का शुंडा हलतात. तुम्ही पडद्याबाहेर अर्धा तास भजन म्हणता, तवा आत ट्यूबलाइट चालू असते, उजेडानं हे फुलते. बाबा चांदीची काडी हळूच टोचते, तवा मिटते. बोट धरते म्हणता न? याच्या एकेका शुंडेत हजारो बारीक सुया आहेत, शिकार मारायच्या. आपली कातडी जाड, म्हणून नुसतं चिकटल्यासारखं वाटते." माझा आवाज फाटला. "अंगभर सुया असलेल्या या जनावराच्या नावानं माझ्या पुतणीची सुई बंद केली यानं! ती दवाखान्यात पडली आहे. तेरा वर्षांची पोट्टी आहे!"

पुढची माणसं वाकून वाट्यांचा वास घेऊ लागली. मला वाटलं, पोचलं.

मग गुलाबराव पुटपुटले, "म्हणजे कमळापुढचं उरलेलं खोबरं आम्ही प्रसाद म्हणून..." त्यांनी तोंडावर हात धरला. मागून कोणीतरी ओरडलं, "झिंगा खिलाया सबको! धरम भ्रष्ट कर दिया!" आणि गर्दी उसळली.

मुलगी मरणाच्या दारात आहे याचा राग कुणाला आला नव्हता. आपण बाटलो याचा आला होता. मी मधे पडून ओरडत होतो, त्याला मारू नका, पोलिसांत देऊ. कोण ऐकतो? इंद्रजीतचा हात मोडला, पेटी फुटली, खारं पाणी गल्लीत वाहत गेलं. पोलीस आले तेव्हा समुद्रफूल चिखलात मुठीएवढं आकसून पडलं होतं. एका बाईनं वाकून त्यावर कुंकू वाहिलं.

मोनालीनं अकराव्या दिवशी डोळे उघडले. आता ती बोलते, पण शब्द शोधत शोधत. उजव्या हातात पेन ठरत नाही. शाळेत दोन वर्षं मागे पडली. इंद्रजीत जामिनावर सुटला आणि शहर सोडून गेला. कुठं आहे, काय करतो, मला ठाऊक नाही. असा माणूस रिकामा बसत नाही, एवढं ठाऊक आहे.

ती घरी आली त्या दिवशी लतानं मला पेढा दिला.

"देवानंच वाचवलं, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही त्याचं कमळ मारलं, तरी त्यानं पोरीवर राग नाही धरला."

मी नीलेशकडे पाहिलं. तो मोनालीची औषधं फळीवर लावत होता. सुई मात्र लता आता घड्याळ पाहून देते. तेवढं पदरात पडलं.

देव मानावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझं मागणं त्याहून लहान आहे. कुणी चमत्कार दाखवला तर लांबून हात जोडू नका. जवळ जा, वास घ्या, दुसऱ्या वस्तूवर करून दाखव म्हणा. खरं असेल तर त्याला भ्यायचं कारण नाही. औषध सोड म्हणणाऱ्याला तेच वाक्य डॉक्टरसमोर उभं राहून म्हणायला लावा. आणि घरातलं लेकरू काही सांगत असेल, तर हात उचलण्याआधी ऐकून घ्या. त्या शेडमध्ये शेकडो माणसं होती आणि नाक सगळ्यांना होतं. झिंग्याचा वास एका आजारी मुलीला आला, कारण ती एकटीच विचार करत होती.

ज्यांना श्रद्धेनं फसवलं त्यांच्याहून मोठा दोष ज्यांना सगळं माहीत होतं त्यांचा. 'कुणाचं काय बिघडतं' असं मनात आलं की समजावं, बोलायची वेळ हीच आहे. बिघडतं. कुणाचं तरी बिघडतंच, आणि ते कोण असेल हे आपल्याला आधी कुणी सांगत नाही.