आडवी शेपूट

धम्मदीपाने उभ्या जन्मात डॉल्फिन पाहिला नव्हता. समुद्र पाहिला तो एकदाच, कॉलेजच्या सहलीत, चपला हातात धरून. पण वाशीमच्या तंत्रनिकेतनात यंत्रं शिकवणाऱ्या या बाईने दीड वर्षात डॉल्फिनच्या शेपटीचे इतके व्हिडिओ पाहिले होते की, तिच्या मोबाइलला ती कोकणातच राहते असं वाटत असावं. बरं, स्वतःला पोहता येत होतं का? तेही नाही. गुडघाभर पाण्यात उतरायचं म्हटलं तरी तिचे तळहात घामेजायचे. पोहायची ती धाकटी, पौर्णिमा. थोरलीने डोकं चालवायचं आणि धाकटीने पाय, अशी घरात वाटणी होती, आणि ती कधी कोणाला खटकली नव्हती.

अनसिंग गावी त्यांच्या घराच्या अंगणात तयार झालेली शेपूट म्हणजे दोन्ही पायांना मिळून एकच रुंद फिन, पोहताना पायात घालायचं पातं. मधोमध फायबरचा पत्रा, बुडाशी ताठ आणि टोकाकडे पातळ होत गेलेला. दोन्ही कडांना ट्रकच्या मडफ्लॅपचं रबर. पहिल्या दिवशी ती पाहून वडील, देवमन, म्हणाले होते, "मासोळीची शेपूट उभी रायते पोरी. तू हे आडवी काहून लावली?"

"हा मासा नाई बाबा. आपल्यासारखा हवेतला श्वास घेते. शेपूट खालीवर हानते, म्हनून आडवी."

"श्वास हवेतला घेते तं मंग पान्यात कायले रायते बापा?" देवमन म्हणाले, आणि पौर्णिमा पोट धरून हसली होती.

फिन लावून पोहण्याच्या स्पर्धेसाठी पौर्णिमाची पुण्यातली निवड चाचणी वीस दिवसांवर आली होती. त्यातच मागच्या रविवारी घोटाळा झालेला. भर तलावात पायातलं रबर निसटलं आणि शेपूट बुडाली. तिथला मासेमार शालिग्राम नसता, तर दीड वर्षाची मेहनत गाळात गेली असती. घरी आल्यावर धम्मदीपा चिडून म्हणाली, "बाबा, काई करा, पन या वक्ती हे पायातून निघाली नाई पायजे."

देवमनांनी चाळीस वर्षं गावोगाव बाजा, म्हणजे सुतळीच्या खाटा, विणलेल्या. त्यांनी अंबाडीची सुतळी काढली. "हे कोरडी बांधायची. पान्यात गेली का आपसूक आवळते. ढिली बाज पानी शिंपडून कशी ताठ होते, पाह्यलं नाई का तू?"

धम्मदीपा खूश झाली. तिने लाकडी ओंडक्याला शेपूट बांधून हौदात बुडवली, दोघींनी मिळून ओढली, तरी गाठ तसूभर हलली नाही. निघणार नाही, हे तिने मागितलं होतं आणि तिला ते मिळालं. काढायची कशी, हे काही तिला सुचलं नाही. शिकलेल्या माणसाचं असंच असतं, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं की वही बंद.

रविवारी सकाळी सगळे तलावावर पोचले. शालिग्राम फुगवलेल्या ट्यूबवर बसून पाण्यात होता. त्याने लांबूनच बजावलं, "थो लाल डबा दिसते ना? त्याच्या पुढं जायाचं नाई. बुडालेल्या बाभयीपाशी मायी जाळी हायेत."

डबा शंभर मीटरवर नांगरलेला होता. पाणी गढूळ, आत काही दिसायचं नाही, म्हणून पौर्णिमा फटके मोजून पोहायची. जुन्या फिनवर ऐंशी फटके म्हणजे डबा. ऐंशी झाले की वळायचं, हे तिच्या अंगात भिनलं होतं. देवमनांनी तिच्या घोट्यांवर सुतळीचे वेढे दिले, वर गाठ मारली आणि तिला हाताने धरून पाण्यात सोडलं. धम्मदीपाने घड्याळ सुरू केलं.

पौर्णिमा गेली ती सुसाट. शेपूट वर यायची, चमकायची, आत जायची. डोक्यावरची पिवळी टोपी श्वासापुरती वर दिसे आणि पुन्हा खाली. टोपी डब्याशेजारून गेली तेव्हा धम्मदीपाने घड्याळ पाहिलं आणि किंचाळलीच, "बावन्न! बाबा, बावन्न सेकंद!" जुन्या फिनवर पौर्णिमाला सत्तर लागायचे. आनंदाने तिचे डोळे भरून आले.

पण टोपी वळली नाही.

पौर्णिमाचे ऐंशी झालेच नव्हते. एका फटक्यात जास्त पाणी कापणारी शेपूट धम्मदीपाने बनवली, आणि फटके कमी मोज, एवढं सांगायचं तिच्याकडून राहून गेलं. "पौर्णिमा! फिर!" ती बेंबीच्या देठापासून ओरडली. पाण्यात डोकं असलेल्या माणसाला काय ऐकू जाणार? टोपी बाभळीपाशी गेली आणि दिसेनाशी झाली. घड्याळात एक मिनिट सहा सेकंद झाले होते.

दहा सेकंद गेले. टोपी वर आली नाही.

देवमनांनी सदरा फेकला, कमरेचा लहान चाकू दातात धरला आणि पाण्यात उडी घेतली. बासष्ट वर्षांचा माणूस, पण हात सपासप पडत होते. शालिग्राम पलीकडून ट्यूब वल्हवत होता. धम्मदीपा धावत पाण्यात शिरली. कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, आणि पायाखालचा गाळ सरकताच ती जागीच थिजली. पुढे एक पाऊल टाकता येईना. हातातलं घड्याळ मात्र चालूच होतं.

आणि नेमकी तेव्हा तिला एक ओळ आठवली. शेपटीची मापं शोधताना ती कुठेतरी वाचली होती आणि कामाची नाही म्हणून सोडून दिली होती. जाळ्यात सापडलेला डॉल्फिन पाण्यातच गुदमरून मरतो, कारण त्याला श्वासाला वर येता येत नाही. डॉल्फिनचं निदान शरीर मोकळं असतं. तिने बहिणीचे पाय बांधून तिला पाण्यात सोडलं होतं.

"पोरगी सापडली, देवमनभाऊ!" देवमनांच्या आधीच बाभळीपाशी पोचलेल्या शालिग्रामचा आवाज आला. "जाळ्यासकट वर उचलतो!"

पिवळी टोपी पाण्याबाहेर आली. मागून खोकला ऐकू आला, लांबलचक, फाटलेला. धम्मदीपाने घड्याळ पाहिलं. त्रेचाळीस सेकंद पौर्णिमा पाण्याखाली होती.

तरी जीव भांड्यात पडायला वेळ होता. शेपूट जाळ्यात अडकून तिला पुन्हा खाली खेचत होती. शालिग्रामने तिची मान ट्यूबवर धरली. तोवर पोचलेले देवमन बुडी मारायचे, वर येऊन श्वास घ्यायचे, पुन्हा बुडी मारायचे. भिजून घट्ट झालेली आपली स्वतःचीच गाठ त्यांना सोडवता येईना. तिसऱ्या बुडीला चाकूने सुतळी कापली, तेव्हा ती सुटली.

काठावर पौर्णिमाच्या घोट्यांवर सुतळीचे वळ काळेनिळे उठले होते. धाप जरा कमी झाल्यावर तिने पहिलं काय विचारावं?

"ताई, डब्यापर्यंत किती झाले?"

"बावन्न," धम्मदीपा म्हणाली. दुसरा आकडा तिच्या तोंडून निघेना.

देवमन कापलेल्या सुतळीकडे पाहत होते. "गाठ मायी होती," ते हळूच म्हणाले.

"मागितली मी होती, बाबा."

आठ दिवसांनी शेपटीला नवे पट्टे लागले. दोन्ही पट्ट्यांमधून एकच लाल दोरी गेली होती. ती खेचली की दोन्ही पाय मोकळे. शालिग्रामने जाळी उचलून घेतल्यावर काठाशी पौर्णिमाने शेपूट घ्यायला हात पुढे केला. धम्मदीपाने ती मागे ओढली.

"आदी मी."

"तुले पोहता येते का?" देवमन दचकून म्हणाले.

"नाई येत. म्हनूनच."

 देवमनांनी तिच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. पट्टे पौर्णिमाने वाकून लावले. मग दोघांनी धरून धम्मदीपाला गळाभर पाण्यात नेलं; तिने डोळे मिटले आणि ती खाली बसली.

पाणी नाकात गेलं. तिने दोरीसाठी हात टाकला, हाताला रबर लागलं. पुन्हा टाकला, गाळ लागला. छाती फुटेल असं झालं. बाबांनी दोर ओढावा, आता ओढावा, असं तिला ओरडावंसं वाटलं. तिसऱ्यांदा बोटांना दोरी सापडली. तिने खेचली आणि पाय सुटले.

ती काठावर ओणवी होऊन पाणी ओकत राहिली. घड्याळ पौर्णिमाच्या हातात होतं.

"दोरी आखूड हाये," धम्मदीपा खोकत म्हणाली. "हात पुरत नाई. वीतभर लांब पायजे. किती लागले?"

"अकरा सेकंद, ताई."

धम्मदीपाने बहिणीच्या घोट्यावर, अजून न गेलेल्या वळावर, ओला हात ठेवला.

"तुले त्रेचाळीस होते," ती म्हणाली, आणि हमसून हमसून रडू लागली.