कोणत्या मदात?

साडीच्या निऱ्या पुन्हा सुटल्या तेव्हा सुनेत्रा वैतागलीच. तासाभरात नगर परिषदेची बजेटची बैठक होती. हिंदी मुलखातल्या, देवासजवळच्या त्या कारखान्यांच्या गावातली ती नवखी पार्षद, म्हणजे नगरसेविका. तेवढ्यात फोन वाजला. अध्यक्ष भैयासाहेब!

"ताई, बोलना कुछ मत. बस हाथ उठा देना. अगली बार का टिकट भी हमें ही बाँटना है."

फोन ठेवते तोच शेजारची अवंती दारात. डोळे सुजलेले. सेकंड शिफ्टहून येताना नाल्याजवळच्या अंधाऱ्या गल्लीत मोटरसायकलवाल्यांनी तिची वाट अडवली होती, त्याला आठवडाही झाला नव्हता.

"काकू, लाइट लागणार ना? नाहीतर बाबा म्हणतात, नोकरी छोड़ दे. आज कारखान्यात तसं सांगून येतेय."

"बघते गं," एवढंच सुनेत्राच्या तोंडून निघालं. अवंती मान खाली घालून गेली.

सासरे तात्या सुपारी कातरत बसले होते. "काय झालं त्या दिव्यांचं, सूनबाई?"

"यंदा नाही जमणार, तात्या. सगळा पैसा स्वागतद्वाराच्या मदात गेलाय."

अडकित्ता थांबला. "कशात गेलाय?"

"मदात."

तात्या खो खो हसले. "अगदी खरं बोललीस, पोरी!"

सुनेत्राचं सारं शिक्षण हिंदी शाळेत. ती चिडली. "यात हसायचं काय? मद म्हणजे हेड, खर्चाचं खातं."

"ते हिंदीत. आपल्या मराठीत मद म्हणजे माज!" तात्यांचं हसू मावळलं. "कधीमधी येणाऱ्या पाहुण्यासाठी कमान, आणि रोज घरी येणाऱ्या लेकीला अंधार? अगं, पंगतीत तूप कोणाच्या पानात पडतं त्यावरून घर कळतं. गावाचं बजेट काय वेगळं असतं?"

"हात वर केला नाही तर माझं टिकट जाईल, तात्या!"

"आणि केलास तर अवंतीची नोकरी जाईल. ठरव बाई तूच."

बैठकीत द्वाराचा प्रस्ताव वाचला गेला. भराभर हात वर झाले. सुनेत्राचा हात मांडीवरच राहिला. भैयासाहेबांनी डोळे वटारले.

"सुनेत्राताई?"

"नाले वाली गली की लाइटें किस मद में हैं, भैयासाहेब?"

"अगले साल देखेंगे. अभी द्वार है, सौंदर्यीकरण के मद में."

"हमारी मराठी में मद घमंड को कहते हैं!" ती थांबली नाही. "मोहल्ले की बेटी अँधेरे के मारे आज नौकरी छोड़ रही है. मैं हाथ नहीं उठाऊँगी!"

मग म्हाताऱ्या पार्षद खंडोजींनी वर केलेला हात हळूच खाली घेतला. "भिया, मेरी भी छोरी शिफ्ट में जाती है." त्यांच्यामागून एकेक हात खाली आला. द्वार बारगळलं, त्याच पैशातून दिवे मंजूर झाले!

"टिकट भूल जाना," जाताजाता भैयासाहेब पुटपुटले. सुनेत्राने ते ऐकलं. तरी तिने आधी फोन लावला.

"अवंती, सांगून टाकलंस का गं?"

"गेटवरच उभी आहे, काकू. पाय उचलत नाहीये."

"मग आत जा आणि मुकाट्याने कामाला लाग!"

मंडळी, आपण कोणाला मानतो हे भाषणांवरून नव्हे, गाव पैसा कुठे लावतं त्यावरून ठरतं. तुमच्याही गावात नवी कमान उभी राहत असेल. हा पैसा कोणत्या मदात, असं एकदा तरी विचारा. आणि उत्तर मराठीत ऐका!