शिवलीला अक्कांची ब्रेल पाटी

शिक्षणाधिकारी साहेब, चूक तुमची आहे. अंध मुलांच्या वर्गावरून तुम्ही शिवलीला अक्कांना काढलंत आणि भलत्याच माणसाला तिथे बसवलंत. वर म्हणालात, "शिकवणं ते शिकवणं. त्याला वेगळी पदवी कशाला?"

मित्रांनो, मी एक जुनी ब्रेल पाटी आहे. हुबळीच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. सागवानी फळी, वर पितळी पट्टी, पट्टीत ओळीने बारक्या खिडक्या. त्यांतून कागदावर टिंबं टोचायची, कागद उलटायचा, की अक्षरं बोटांना लागतात. माझ्या अंगावर ओरखडे आहेत आणि ते मी मिरवते. का मिरवू नये?

शिवलीलाने मला घेतलं ते बारावीनंतर, विशेष शिक्षणाच्या पदविकेला नाव घातलं तेव्हा. गदगच्या घरी तिची आई भाकरी थापता थापता करवादली, "साधी मास्तरीण हो की गं! लवकर सुटशील."

"यव्वा, साधी मास्तरीण फळ्यावर लिहिते. ज्यांना फळाच दिसत नाही त्यांनी काय करायचं?"

सरावाचा पाठ द्यायला ती अंध मुलांच्या शाळेत गेली. तिथे दुसरीत दानव्वा होती, जिभेने भलती तिखट. शिवलीला माझ्यावर टोचलेला धडा वाचू लागली, तोच ही म्हणाली, "अक्कोरे, तुम्ही डोळ्यांनी वाचताय."

"तुला गं कसं कळलं?"

"बोट घासल्याचा आवाजच येत नाही. फसवता होय आम्हांला?"

वर्ग खिदळला. डोळस शिकाऊ शिक्षक हेच करतात, टिंबांच्या सावल्या बघून वाचतात. त्या पाठात शिवलीला नापास झाली. रडत नाही बसली. ओढणीने डोळे बांधून रोज बोटांनी वाचत राहिली. पुन्हा पाठ दिला तेव्हा दानव्वाने कान टवकारले. "हं, आता येतोय आवाज. वाचा पुढे."

दोन वर्षांनी पदविका मिळाली. मग पदवी. मग विशेष शिक्षणातलं बी.एड., त्याला आणखी दोन वर्षं. तेही अंध मुलांसाठीचं. कर्णबधिर मुलांसाठीचं शिक्षण निराळं, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठीचं निराळं. शेवटी अशा शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या परिषदेत नोंदणी, कारण तिच्याविना विशेष शिक्षक म्हणून वर्गावर उभं राहता येत नाही. या सगळ्या वाटेवर मी तिच्या पिशवीत होते. ही पुण्याई मोठ्या मोठ्या पुस्तकांनाही मिळाली नाही.

अक्का दानव्वाच्याच शाळेत लागल्या, पण हंगामी. ज्वारीची कडक भाकरी मोडून त्यांनी पोरींच्या हातात त्रिकोण दिला. कोन चाचपला की मग खायचा. दानव्वा म्हणायची, "अक्कोरे, आज मोठा कोन द्या, भूक लागलीय."

मग पक्की नेमणूक करायची वेळ आली. बंद पडलेल्या साध्या शाळेतले बसनगौडा सर तुमच्याकडे शिल्लक होते. त्यांनाच इथे लावलंत आणि अक्कांना घरी पाठवलंत. जाताना त्यांनी मला दानव्वाच्या हाती दिलं.

सर भला माणूस. पहिल्याच तासाला खडू घेऊन म्हणाले, "इकडे बघा, हा त्रिकोण."

"कुठे बघू, सर?" दानव्वाने विचारलं.

पोरी हसल्या. सर हसले नाहीत. तुमच्याकडे येऊन म्हणाले, "साहेब, मला सोडवा. मला हे येत नाही. या पोरींचं वाटोळं होईल." तुम्ही म्हणालात, "चार दिवसांचं प्रशिक्षण देतो, जमेल."

मित्रांनो, घरात माझ्यासारखी पाटी असेल तर तिला ओल लागू देऊ नका. पण नुसती पाटी जपून भागत नाही. जिने शिकून, नापास होऊन, पुन्हा शिकून ती हातात धरली, तिलाही जपा.

साहेब, दानव्वा आता दहावीत आहे. तिला गणिताची शिक्षिका व्हायचंय, आणि शाळा म्हणते, स्पर्शाने भूमिती शिकवणारं कोणी नाही, तर गणित सोड. तिने अजून सोडलेलं नाही. रोज मला बाकावर ठेवून ती दाराकडे कान लावून बसते. शिवलीला अक्का वर्गावर परत कधी येणार? तारीख सांगा.