घणाविना फरशी

आईचा उजवा हात आधी कानावर जातो, मग आवाज येतो. फाल्गुनाच्या कोरड्या, पांढऱ्या उजेडात ती उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसलेली असते, बोटं सुपात आणि लक्ष वडगावच्या गल्लीत. कुणीतरी ट्रकमधून सळया उतरवू लागतं, आणि पहिली सळई जमिनीवर आदळायच्या आतच तिचा तळवा कानाची चिरलेली पाळी झाकून घेतो. शेजारचे यंत्रमाग दिवसभर खडखडतात, त्याचं तिला काही नाही. त्या खडखडाटात तिला गाढ झोपसुद्धा लागते. तिला भय आहे ते एकट्या, नेमक्या घावाचं.

तो घाव आप्पांचा. माझे वडील हातमागावर साड्या विणायचे आणि तुटलेला धागा न बघता, नुसत्या बोटांनी सांधायचे. इतका हळुवार हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही, आणि इतका क्रूरही. गल्ली त्यांना तापट म्हणायची. तापट हा फार सभ्य शब्द झाला. ते आईला मारायचे, मागाच्या धोट्याने, पट्ट्याने, हाताला येईल त्याने, आणि मारून झालं की पुन्हा मागावर बसून अशा एकाग्रतेने विणू लागायचे की जणू घरात काही घडलंच नाही. त्या एकाग्रतेचा मला अजून संताप येतो.

एकदा मागावर काळ्या-पांढऱ्या चौकड्याची साडी होती. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरून हातात द्यायचं काम आईचं. त्या दिवशी ती तापाने फणफणली होती, आप्पा दारातल्या कुणाशी बोलत न बघता विणत होते, आणि पांढऱ्याच्या जागी तिच्या हातून काळी कांडी गेली. काळ्याला लागून काळंच विणलं गेलं. विणकराच्या घरात याला एकच शब्द आहे. “चौकडा मोडलास!” आप्पा ओरडले आणि मागाचे खुंट ठोकायला आणलेला, दाराआड उभा असलेला घण त्यांनी उचलला. तो आईच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पडला. शहाबादी फरशी फुटली, तिची एक कपची उडून आईच्या कानाची पाळी चिरत गेली. रक्त मानेवरून उतरलं आणि पोलक्याची बाही भिजली. मी दारात होतो. मी काहीही केलं नाही.

पुढची कितीतरी वर्षं आई त्या फुटक्या फरशीला वळसा घालून चालली. कडेवर भांडी असोत की पाहुणे घरात असोत, तिचं पाऊल तिथे पडायचं नाही.

आप्पा गेले. वर्ष उलटल्यावर मी म्हणालो, ही फरशी नको आता, उखडू सगळी. खरं सांगायचं तर मला फरशी बदलायची नव्हती, मला सूड हवा होता, आणि माणूस तर हातचा निसटला होता. मी दाराआडून तोच घण काढला. दोन्ही हातांनी डोक्यावर नेला तेव्हा खांद्यांत, मनगटांत काहीतरी ओळखीचं, गोड, भयंकर भरून आलं. घाव घालणार तोच चुलीशेजारी आई दिसली. तिचा हात कानावर गेला होता. ती फरशीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

घण मी खाली ठेवला, आवाज न करता.

“नवी फरशी घाल,” ती म्हणाली. “पर घणाबिगर होत असंल तर घाल. न्हायतर हाय ती ऱ्हाऊ दे.”

बेळगावच्या दुकानात तिने संगमरवराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुकानदाराने चिकटवायच्या पातळ फरश्या पुढे टाकल्या. “आक्का, ह्येला गवंडी नको का काय नको. मागचा कागद सोलायचा आन् जुन्या फरशीवरच दाबायचं. फकस्त खोलीच्या मधनं सुरू करा.”

“मधनं?” आई हसली. “कापड कोण मधनं इणतंय व्हय रं?”

मग तिने काळा आणि पांढरा तुकडा शेजारी शेजारी ठेवला, बोटाने त्यांची सांध चाचपली आणि म्हणाली, “ह्योच.” इतक्या रंगांतून नेमका चौकडाच?

तिने उंबऱ्यापासून सुरुवात केली, साडी टोकापासून विणावी तशी. फुटक्या फरशीचा खळगा मी पुट्टीने आधीच भरला होता. ती कागद सोलायची, तुकडा ठेवायची, वर लाटणं फिरवायची. काळा, पांढरा, काळा, पांढरा. सकाळचं ऊन त्यांच्यावरून हळूहळू आत सरकत होतं आणि घरात कागद सोलल्याचा बारीक आवाज तेवढा होता. मागच्या भिंतीशी चार बोटं जागा उरणार हे मला दिसत होतं, तरी मी तिला तसंच लावू दिलं.

फुटक्या जागेशी ती थांबली. तिथे पांढऱ्याची पाळी होती. तिने काळा उचलला, काळ्याशेजारी नीट ठेवला आणि लाटण्याने दाबला.

“आई, चौकडा मोडला!” माझ्या तोंडून निघून गेलं, आप्पांच्याच आवाजात.

मी तिच्या हाताकडे पाहिलं. तो लाटण्यावरच होता.

“मोडू दे की,” ती म्हणाली, आणि सरकून त्या दोन काळ्या चौकोनांवर मांडी घालून बसली. “आता कोण मारतंय?”

आप्पा जाऊन वर्ष झालं होतं. आईच्या घरातून मात्र ते त्या सकाळी गेले.