तिच्यावाचून अडणारं मशीन

कारखान्यात तिला सगळे ‘बाई’ म्हणत. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या भरणाऱ्या मशीनचा प्रोग्रॅम तिने लिहिला, त्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून मशीन अडलं की बाईंना फोन लावायचा, हा तिथला नियमच होऊन बसला होता. जेवताना फोन यायचा, केस धुताना यायचा. मावसबहिणीच्या लग्नात तर ती लॅपटॉप मांडीवर घेऊन एका कोपऱ्यात बसली होती.

“मी मेले तरी हे लोक फोन करतील,” ती नवऱ्याला वैतागून म्हणायची.

“आणि तू उचलशील,” नवरा म्हणायचा.

वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिने महिनाभर आधी एका दिवसाची रजा सांगून ठेवली. वडील जुने फिटर. आयुष्यभर लोखंडाशी झटापट केलेला माणूस, पण दवाखान्याचा वास आला की ते दारातूनच परत फिरायला बघायचे. “आत नेईपर्यंत हात सोडू नकोस,” त्यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी साडेनऊला दवाखान्यात तिचा फोन वाजला. पलीकडे इलेक्ट्रिकलचा इंजिनिअर होता. कामापुरतंही जेमतेम बोलायचा, कोणाशी तार जोडलेलीच नाही असा, म्हणून त्याला सगळे ‘बिनतारी’ म्हणत.

“बाई, लाइन थांबलीय. बाटली समोर उभी आहे आणि मशीन म्हणतंय, बाटलीच नाही.”

“नव्या पातळ काचेच्या बाटल्या आल्यात का?”

“हो.”

“मग बाटली ओळखणाऱ्या सेन्सरची वेळ थोडी वाढवा.”

“कुठे वाढवू?”

ती सांगायला गेली आणि अडखळली. प्रोग्रॅममधल्या त्या जागेला नावच नव्हतं. तिने तिथे नुसता एक आकडा टाकून ठेवला होता, स्वतःला कळेल असा. तसे दीडशे आकडे होते. वडिलांच्या खोलीत आवाज नीट येईना, म्हणून ती उठून व्हरांड्याच्या टोकाला गेली. “खाली या. अजून खाली. नाही, तो नाही हो!” चाळीस मिनिटं हेच चाललं. ती परतली तेव्हा पलंग रिकामा होता.

“नेलं त्यांना,” नर्स म्हणाली. “दोनदा विचारलं त्यांनी, मुलगी कुठे आहे म्हणून.”

ऑपरेशन चांगलं झालं. घरी जाताना वडिलांच्या एका डोळ्यावर पट्टी होती. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, “तिथे दुसरं कोणी नाही का गं?”

“आहेत ढीगभर. पण कोणी शिकेल तर शपथ.”

“शिकत नाहीत, की तू शिकवत नाहीस?”

“तुम्ही आता डोळा मिटून पडा बरं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी टीममधल्या प्रत्येकाला एक कागद दिला. काय बिघडलं आणि त्यात माझा वाटा किती, एवढंच लिहायचं. एकच अट होती, दुसऱ्या कोणाचं नाव घ्यायचं नाही.

ती मीटिंगच्या खोलीत बसली. नव्या बाटल्या येणार हे खरेदीवाल्यांनी... खोडलं. बिनतारीला साधा आकडा... तेही खोडलं. दुसऱ्यांना वजा केल्यावर लिहायला काही उरेनाच. काचेच्या भिंतीपलीकडे लोक ये-जा करत होते आणि तिला वाटलं, आपल्याला इथे कोंडून ठेवलंय. उठून जावं, तर कागद कोरा.

मग वडिलांचा प्रश्न पुन्हा टोचायला लागला. दोन वर्षांपूर्वी बिनतारी वही घेऊन तिच्या शेजारी येऊन बसला होता. “सांगण्यात वेळ जाईल, मीच करून टाकते,” ती म्हणाली होती. पुढे त्याने स्वतःच्या हिमतीवर प्रोग्रॅममध्ये एक बदल केला. बदल चुकीचा नव्हता, तिच्या पद्धतीचा नव्हता इतकंच. रविवारी येऊन तिने तो गुपचूप पुसून टाकला. सोमवारी त्याने पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि निघून गेला. त्यानंतर त्याचं बोलणं आटलं आणि त्याला ‘बिनतारी’ हे नाव पडलं. त्या नावावर सगळे हसले होते. तीही हसली होती.

आणि एक गोष्ट तिने सगळ्यात शेवटी कागदावर उतरवली. फोन आला की ती कुरकुर करायची खरी, पण आत कुठेतरी सुखावायची. लग्नात मावशी सगळ्यांना कौतुकाने सांगत होती, “हिच्यावाचून तिथलं पान हलत नाही.” ते तिला गोड लागलं होतं. नऊ वर्षं कोंडून घेतलं होतं ते तिनेच, आणि कडी आतून होती.

दुपारी तिने सगळ्यांसमोर कागद वाचून दाखवला. आवाज दोनदा फाटला. मग बिनतारी म्हणाला, “माझ्या कागदावर एकच वाक्य आहे. मी विचारायचं सोडून दिलं.” कागदाची घडी घालत तो पुढे म्हणाला, “तो रविवारचा प्रकार मला फार लागला होता, बाई.”

“माफ करा,” ती म्हणाली. “खरंच चुकलं माझं.”

दुसऱ्या दिवसापासून दोघं रोज तासभर बसायला लागली. प्रत्येक आकड्याला नाव द्यायचं, शेजारी कारण लिहायचं, आणि टाइप त्याने करायचं. तिला सुरुवातीला हा तास नकोसा व्हायचा. एकदा त्याच्या हातून चूक झाली आणि औषधाची धार थेट फरशीवर आली. तिचा हात कीबोर्डकडे गेला.

“थांबा. कळलंय मला,” तो म्हणाला.

तिने हात मांडीखाली दाबून धरला. तिला एक मिनिट लागलं असतं, त्याला अकरा लागली. चिकट, गोडसर वास नाकात जात होता आणि तिचे कान तापले होते. पण मशीन सुरू झालं.

पाचव्या आठवड्यात भरदुपारी लाइन पुन्हा थांबली. तिघं जण धावत तिच्या टेबलाजवळून पुढे बिनतारीकडे गेले. तिच्याकडे कोणी मान वळवूनही पाहिलं नाही. हेच तर हवं होतं, तिने स्वतःला बजावलं. पण गोड मात्र लागेना. ती अर्धवट उठली, पुन्हा बसली.

प्रोग्रॅमचे तीन भाग अजून फक्त तिलाच ठाऊक होते. त्यातला सगळ्यात किचकट तिने उघडला आणि पहिल्या आकड्याला काय नाव द्यावं याचा विचार करू लागली.